कांपिओने दीतालिया

इटलीच्या लाँबर्डी विभागातील कोमो प्रांतात मोडणारे, पण सर्व बाजूंनी स्वित्झर्लंडच्या तिचीनो कँटनने वेढलेले नगर. लोकसंख्या सु. २,०००. क्षेत्रफळ सरोवराच्या हिश्शासह सु. २·६ चौ. किमी. हे लुगानो सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर वसले असून उर्वरित इटलीपासून डोंगराने अलग पडले आहे. रस्त्याने तेथे स्विस प्रदेशातूनच जावे लागते.

इ. स. ७७७ मध्ये तोतो नावाच्या जमीनदाराने येथील मालमत्ता मिलानच्या आर्चबिशपच्या धर्मपीठास दिली व ती पुढे सेंट अँब्रोझ मठाकडे आली. सोळाव्या शतकात भोवतालचा मुलूख स्विसांकडे गेला. कांपिओनेवर मात्र मठाचाच अंमल राहिला. एकीकरणानंतर ते इटलीत समाविष्ट झाले. मध्ययुगात येथील शिल्पकार व गवंडी विख्यात होते. मोदेनाच्या कॅथीड्रलचे काही काम त्यांनी केले. सांता मारिया देई गिर्ली या चर्चमधील भित्तिचित्रे प्रेक्षणीय आहेत.

येथील पर्यटन प्रामुख्याने जुगारगृहावर उभे राहिले. ते १९१७ मध्ये सुरू होऊन १९१९ मध्ये बंद पडले व १९३३ मध्ये पुन्हा उघडले. इटलीत अशी परवानगी मोजक्याच नगरांना होती, तर स्वित्झर्लंडमध्ये मोठ्या जुगारावर बंदी होती. दोन देशांच्या कायद्यांतील या फरकाचा लाभ नगरपालिकेस झाला; जुगारगृह तिच्याच मालकीचे असल्याने तिचा बहुतेक खर्च त्यावर चाले. २००७ मध्ये मारिओ बोट्टा या वास्तुविशारदाने आखलेली भव्य नवी इमारत सुरू झाली. तथापि १९९३ च्या सार्वमताने स्विस बंदी उठली होती आणि जवळच्या लुगानो व मेंद्रीझिओ येथे जुगारगृहे निघाली होती. शिवाय व्यवहार व वेतन स्विस फ्रँकमध्ये असल्याने फ्रँक महागताच खर्चाचा बोजा वाढला.

जुलै २०१८ मध्ये जुगारगृहाचे दिवाळे निघाले. सु. ५०० कर्मचारी बेकार झाले. नगरपालिकाही आर्थिक संकटात सापडली. तिने बहुसंख्य नोकर कमी केले व तिचीनोतील सेवांची देणी थकली. १ जानेवारी २०२० पासून नगर यूरोपीय संघाच्या जकात क्षेत्रात आले. जानेवारी २०२२ मध्ये जुगारगृह कमी नोकरवर्गासह पुन्हा सुरू झाले. सरोवर, निसर्ग व जुनी कलापरंपरा ही येथील साधने टिकाऊ आहेत. मात्र कायद्यांतील तफावतीवर आधारलेले उत्पन्न शेजारच्या देशाच्या एका निर्णयानेही ओसरू शकते, हे कांपिओनेच्या उदाहरणावरून दिसून येते.