अंगरक्षण, भाग ४ : लष्करी अनुभव किती कामाचा?

अंगरक्षकाच्या कामात लष्करी अनुभवाचा उपयोग होतो, पण तो अनिवार्य नाही आणि केवळ त्यावर भागतही नाही. सैनिक आणि अंगरक्षक दोघेही शस्त्र बाळगत असले तरी दोघांची उद्दिष्टे वेगळी आहेत. सैनिकाला शत्रूवर चाल करून जायचे असते, ठाणे राखायचे असते. अंगरक्षकाला हल्ला होताच आपल्या संरक्षणातील माणूस तेथून बाहेर काढायचा असतो. हल्लेखोर निसटला आणि माणूस वाचला, तर अंगरक्षकाचे काम झाले. हल्लेखोर मेला आणि माणूसही दगावला, तर ते फसले.

३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यात हे स्पष्ट दिसले. जॉन हिंकलीने दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या. सीक्रेट सर्व्हिसचे जेरी पार यांनी रेगन यांना मोटारीत ढकलले, तर टिम मॅकार्थी यांनी आडवे येऊन एक गोळी स्वतःच्या पोटावर झेलली. इतरांनी हिंकलीला जमिनीवर दाबून धरले. संरक्षकांपैकी कोणीही गोळी झाडली नाही. मोटार व्हाइट हाउसकडे निघाली होती, पण रेगन यांच्या ओठांवर रक्त दिसताच पार यांनी ती जॉर्ज वॉशिंग्टन रुग्णालयाकडे वळवली. या निर्णयाने रेगन यांचा जीव वाचला.

लष्करी सेवेतून येणारे काही गुण या कामाला थेट लागू पडतात : तासन्‌तास सावध उभे राहण्याची सवय, गोळीबारातही ताळ्यावर राहणारे डोके, सुरक्षितपणे शस्त्र हाताळणे, जखमीवर प्रथमोपचार आणि साथीदाराशी शब्दाविना जुळवून घेणे. मात्र लष्करातील प्रत्येकाचा अनुभव सारखा नसतो. पायदळात दहशतवादविरोधी मोहिमांवर राहिलेला जवान आणि भांडारात किंवा कार्यालयात सेवा केलेला जवान यांची तयारी वेगळी असते. ब्रिटनच्या रॉयल मिलिटरी पोलीस दलातील काही जवानांना तर राजदूतांच्या रक्षणाचे खास प्रशिक्षण मिळते. त्यामुळे उमेदवार लष्करात होता का, यापेक्षा त्याने तेथे नेमके काय केले, हे विचारणे महत्त्वाचे ठरते.

अंगरक्षणाचा मोठा भाग हल्ल्याच्या आधीच पार पडतो. कार्यक्रमाच्या जागेची आगाऊ पाहणी, येण्याजाण्याचे पर्यायी मार्ग, जवळचे रुग्णालय, मोटार कुठे आणि कोणत्या तोंडाने उभी करायची, गर्दीत कोणाचे हात खिशात आहेत, पाठलाग होतो आहे का, हे सारे त्यात येते. साध्या पोशाखात वावरणे, घरातल्या गोष्टी बाहेर न नेणे, ज्याचे रक्षण करायचे त्याच्या मुलांशी आणि हॉटेलच्या कर्मचाऱ्यांशी सारख्याच सौजन्याने वागणे हेही त्यातच मोडते. या गोष्टी रणांगणावर शिकवल्या जात नाहीत.

रणांगणाची सवय शहरात जशीच्या तशी आणली, तर अनर्थ होतो. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात अमेरिकी परराष्ट्र खात्यासाठी काम करणाऱ्या ब्लॅकवॉटर कंपनीच्या रक्षकांनी केलेल्या गोळीबारात १७ इराकी नागरिक ठार झाले. या प्रकरणात दोषी ठरलेले रक्षक माजी सैनिकच होते. भारतात खासगी अंगरक्षकाला सामान्य नागरिकाइतकाच आत्मसंरक्षणाचा अधिकार आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये त्याच्या मर्यादा दिल्या असून बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरता येते.

सैनिक आणि अंगरक्षक यांच्यातील भेद भारतातील सरकारी व्यवस्थेतही दिसतो. इंदिरा गांधी यांची ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी त्यांच्याच दोन पोलीस रक्षकांनी हत्या केल्यानंतर १९८५ मध्ये विशेष सुरक्षा गट स्थापन झाला. त्यात प्रामुख्याने पोलीस आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील माणसे घेतली जातात. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलात धडक कारवाईची तुकडी लष्करातून येते. महनीय व्यक्तींचे रक्षण मात्र केंद्रीय पोलीस दलांतून आलेल्या तुकडीकडे असे. २०२४ मध्ये हे काम केंद्रीय राखीव पोलीस दलाकडे सोपवण्याचा निर्णय झाला.

खासगी क्षेत्रासाठी २००५ चा खासगी सुरक्षा संस्था नियमन कायदा आहे. तो माजी सैनिक आणि माजी पोलिसांना नेमणुकीत प्राधान्य देण्याची मुभा देतो, पण प्रशिक्षणातून सूट देत नाही. २००६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार नव्या रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर प्रशिक्षण घ्यावे लागे. माजी सैनिकासाठी ही अट अनुक्रमे ४० आणि १६ तासांची होती. म्हणजे अनुभवाचे मोल कायद्याने मानले, तरी प्रशिक्षण कमी केले, टाळले नाही. शिवाय हे तास साध्या सुरक्षारक्षकासाठीचे होते. अंगरक्षकाला त्याहून बरेच अधिक शिकावे लागते.

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लष्करात भरती होते आणि निवृत्तीनंतर अनेक जवान पुण्या-मुंबईत सुरक्षेच्या नोकऱ्या धरतात. परवान्याची बंदूक आहे एवढ्यावर अशा जवानाला गनमॅन म्हणून थेट उद्योजकाच्या गाडीत बसवणे, हा त्या जवानावरही अन्याय आहे आणि ज्याचे रक्षण करायचे त्याच्यावरही. आगाऊ पाहणी, गर्दीचे निरीक्षण, बचावासाठी मोटार चालवणे, प्रथमोपचार आणि कायदा यांचे स्वतंत्र प्रशिक्षण त्याला मिळालेच पाहिजे. त्याचा खर्च नेमणाऱ्या संस्थेने उचलायला हवा. असे प्रशिक्षण मिळाले, तर माजी सैनिक या कामात इतरांपेक्षा लवकर तयार होतो. ते न मिळाल्यास पोलीस किंवा नागरी पार्श्वभूमीचा, पण नीट प्रशिक्षित माणूस अधिक भरवशाचा ठरतो.