आखाती पेढीवर चौकशीला जाताना

निर्यात म्हटली की माल, पॅकिंग आणि बँकेची कागदपत्रे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परदेशातील आयातदार कंपनीच्या माणसाला भेटून त्याच्याकडून बाजाराची माहिती काढणे हाही या धंद्याचाच भाग आहे, पण आपले बहुतेक व्यापारी तो वगळतात. आखाताच्या बाबतीत तर त्याला सोयीचे कारणही असते. भाचा दुबईत आहे, चुलतभाऊ दम्मामला आहे, दीन एक, सलाम एक. मग अडचण कसली? अडचण या समजुतीतच आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मदरशात कुरआन शरीफ वाचलेले असते, अरबी अक्षर ओळखता येते. पण तिलावत करता येणे वेगळे आणि अरबीत मालाचा दर ठरवणे वेगळे. उर्दूच्या भरवशावर जाणारा तर अधिकच फसतो, कारण शब्द ओळखीचे आणि अर्थ निराळे. उर्दूत ‘रकम’ म्हणजे पैसे. अरबीत ‘रकम’ म्हणजे क्रमांक. आपली ‘फुरसत’ म्हणजे रिकामा वेळ. त्यांची ‘फुरसा’ म्हणजे संधी. आपली ‘इजाजत’ परवानगी. त्यांची ‘इजाझा’ बहुधा रजा. आणि अरब गिऱ्हाइकाने खोक्याकडे बोट दाखवून ‘कम?’ म्हटले, तर तो दर कमी करायला सांगत नाही, केवढ्याला ते विचारतो आहे. हे न कळून आपल्या माणसाने पहिल्याच शब्दाला भाव उतरवला, तर समोरच्याला काय दोष द्यायचा? हाताने लिहिलेल्या बिलांचेही तसेच. अरबी पाच आपल्या देवनागरी शून्यासारखा गोल दिसतो आणि अरबी शून्य नुसता ठिपका असतो. लिहिलेला आकडा तोंडाने वाचून घ्यावा.

दुबईच्या अल अवीर येथील फळबाजारात किंवा मोठ्या पेढीवर खरेदी पाहणारा माणूस अनेकदा मल्याळी, पाकिस्तानी किंवा इराणी असतो. त्याच्याशी हिंदी-उर्दूत किंवा इंग्रजीत काम भागते. पण भाषा जुळली म्हणून सगळी माहिती त्याच्याकडेच मिळेल असे नाही. उधारी किती दिवसांची, पुढच्या हंगामाचा बेत काय, हे मालक सांगेल. कोणता खोका फुटून आला, कोणत्या आठवड्यात भाव कोसळला, हे खरेदीवाल्याला ठाऊक. मालकाच्या देखत तो ते सांगणार नाही. म्हणून आधी मालकाला भेटावे आणि त्याच्या परवानगीनेच खरेदीवाल्याला वेगळे गाठावे.

आता दुभाषाचा प्रश्न. इथे आपण हमखास भाच्याला पुढे करतो. समजा, रत्नागिरीचे एक आंबा बागायतदार भाच्याला घेऊन त्याच्याच शेठकडे गेले. शेठ म्हणाला, गेल्या वर्षीच्या मालात डागी फळ फार निघाले. भाचा मामूंना सांगतो, ‘‘थोडी तक्रार आहे, बाकी ठीक.’’ मामूंचे मन मोडवत नाही आणि शेठला नाराज करून त्याला नोकरीही गमवायची नाही. तो खोटे बोलत नाही, दोन्हीकडची धार बोथट करतो. घरी परतल्यावर मामू त्या ‘ठीक’वर विमानाने माल रवाना करतात. माझे स्पष्ट मत आहे की, भाच्याने गाडी चालवावी, जेवू घालावे. दुभाषा मात्र पैसे देऊन घ्यावा. त्याला आदल्या दिवशी प्रश्न आणि धंद्यातले शब्द समजावून द्यावेत. बोलताना दुभाषाकडे नव्हे, शेठकडे पाहावे. एका दमात दोनच वाक्ये बोलावीत. त्यांच्या माणसांत आपसात झालेले बोलणेही सांग, असे त्याला बजावावे. प्रश्नावली अरबीत करून घेतली असेल तर दुसऱ्याच माणसाकडून ती पुन्हा उर्दूत किंवा मराठीत उतरवून घ्यावी. चूक तिथे सापडते.

भेटीची सुरुवात कहव्याने होईल. छोट्या फिंजानात पुन्हा पुन्हा ओतले जाते. पुरे झाले की प्याला जरा हलवून परत करावा. या वेळात धंद्याचे बोलू नये. घरचे सर्व खुशाल आहेत ना, एवढे विचारावे. बायकांची नावे घेऊन चौकशी करू नये. आपल्या जुन्या घरांतही हाच रिवाज होता, तेव्हा जड जाऊ नये.

खरी कसोटी ‘इन्शाअल्लाह’ ऐकल्यावर लागते. पुष्कळदा तो पक्का होकार असतो, पुष्कळदा सभ्य नकार. जपानी माणूस ‘हाय’ म्हणतो तेव्हा अनेकदा त्याला ‘ऐकतो आहे’ एवढेच म्हणायचे असते. वीस वर्षांच्या बंदीनंतर २००६ मध्ये जपानने आपला आंबा पुन्हा घेऊ दिला, तेव्हा तिथे जाणाऱ्यालाही हे शिकणे भाग होते. यावर तोड म्हणजे होय-नाहीचे प्रश्नच विचारू नयेत. ‘‘आमचा माल घ्याल का?’’ याला सभ्य माणूस होच म्हणेल. ‘‘मागची खेप कुठून आली, किती दिवसांत खपली, किती फेकावी लागली?’’ याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते. मापही तिथेच फोडून घ्यावे. आपली लाकडी पेटी पाच-सहा डझनांची आणि निर्यातीचा खोका डझनभराचा. नुसते ‘शंभर पेट्या’ म्हणून दोघेही खूश होतात आणि बिलावर भांडतात. मिळालेला दर आडत्या आणि क्लिअरिंग एजंट यांच्याकडे पडताळावा. आणि चौकशीच्या भेटीत माल विकू नये. विकणाऱ्याला कोणी बाजाराची खबर देत नाही.

वेळेचेही भान हवे. सौदीत २०१३ पासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवारी बंद असतात व शुक्रवारी अर्धा दिवस चालतात. शारजात शुक्रवारही सुट्टीचा. रमजानमध्ये अमिरातीत कामाचे तास दोनने कमी होतात, तेव्हा दुपारची भेट मागू नये, तरावीहनंतरची मागावी. त्या वेळी माणूस निवांत बोलतो. मुक्कामावर परतल्यावर झोपण्यापूर्वी सगळे लिहून काढावे, आणि ‘इन्शाअल्लाह’ कोणत्या प्रश्नावर ऐकले तेही समोर टिपून ठेवावे.