गादी फाटली म्हणजे ऑपरेशनच?

मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली चंद्रकोरीच्या आकाराची कूर्चेची गादी. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन. रक्तपुरवठा मुख्यतः बाहेरच्या कडेलाच असतो. तिथली चीर भरून येऊ शकते, आतल्या भागातली सहसा नाही.

मात्र एमआरआयमध्ये चीर दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं नव्हे. पन्नाशीनंतर अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यांतही अशा चिरा सर्रास आढळतात. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी झिजेमुळे चीर पडलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींची गादी दुर्बिणीतून खरोखर छाटली, बाकीच्यांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात लक्षणीय फरक नव्हता. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, तरी ‘चीर आहे, काढून टाकू’ हा सल्ला आजही मिळतो. या वयात आधी काही महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने कराच.

गुडघा अडकून सरळच होत नसेल, किंवा तरुणपणी खेळताना मोठी चीर पडली असेल, तर मात्र लगेच ऑर्थोपेडिक सर्जन गाठा. छाटण्याऐवजी टाके घालता येतील का, हे आवर्जून विचारा. टाक्यांनंतर खेळात परतायला साधारण चार ते सहा महिने लागतात, उकिडवं बसणंही बराच काळ बंद. पण गादी वाचते.