स्फिंक्स मांजराची निगा

स्फिंक्स मांजराची निगा म्हणजे स्फिंक्स या केसहीन जातीच्या मांजराची त्वचा, कान, डोळे, नखे व दात यांची नियमित स्वच्छता आणि ऊन, थंडी व आजार यांपासून त्याचे संरक्षण होय. इतर मांजरे अंगावरील लव जिभेने चाटून आपली स्वच्छता बहुतांशी स्वतःच करतात. स्फिंक्सच्या अंगावर लव जवळजवळ नसल्याने लवेकडून होणारी अनेक कामे पाळणाऱ्या व्यक्तीला करावी लागतात. त्यामुळे केस नसलेले मांजर सांभाळण्यास सोपे असते, हा प्रचलित समज चुकीचा आहे. त्याचबरोबर गरजेपेक्षा अधिक स्वच्छता केल्यानेही या मांजराच्या त्वचेला अपाय होतो.

पार्श्वभूमी

१९६६ साली कॅनडातील टोरँटो येथे एका साध्या पाळीव मांजरीच्या पोटी केसहीन पिल्लू जन्मले. या जातीचा इतिहास सामान्यतः तेथून सुरू झाला असे मानले जाते. आजची स्फिंक्स मांजरे मात्र मुख्यतः १९७० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात व पुन्हा टोरँटो येथे आढळलेल्या केसहीन मांजरांपासून आलेली आहेत. त्यांचा संकर डेव्हन रेक्स या आखूड, कुरळ्या केसांच्या जातीशी करण्यात आला.

स्फिंक्सचे केसहीनत्व केआरटी७१ या जनुकातील बदलामुळे येते. हे जनुक केसांच्या मुळाशी तयार होणाऱ्या केराटिन प्रथिनाशी संबंधित आहे. हा गुणधर्म अप्रभावी असल्याने तो प्रकट होण्यासाठी बदललेले जनुक आई व वडील या दोघांकडूनही यावे लागते. रशियातील रोस्तोव-ऑन-डॉन येथे उगम पावलेल्या डोन्स्कॉय जातीचे केसहीनत्व वेगळ्या, प्रभावी जनुकामुळे येते. अनुवंशाचे कारण निराळे असले, तरी खाली दिलेली निगा त्या जातीच्या केसहीन मांजरांनाही बव्हंशी लागू पडते.

त्वचेचे स्वरूप

स्फिंक्स पूर्णपणे केसहीन नसते. त्याच्या अंगावर पीच फळाच्या सालीवर असते तशी अतिशय बारीक लव असते. नाक, कानांचा मागील भाग, पंजे व शेपूट यांवर थोडे अधिक केस असू शकतात. मिशा नसतात किंवा आखूड व तुटक असतात.

मांजराच्या त्वचेतील तैलग्रंथींमधून तेलकट स्राव पाझरत असतो. इतर मांजरांमध्ये तो केसांवर पसरतो आणि केसांना तुकतुकी व ओलाव्यापासून संरक्षण देतो. स्फिंक्सच्या अंगावर केस नसल्याने हा स्राव त्वचेवरच साठतो व त्यात धूळ आणि मृत पेशी मिसळून तपकिरी, चिकट थर तयार होतो. अंथरुणावर, सोफ्यावर व कपड्यांवर पडणारे तेलकट डाग याच थरामुळे पडतात. हा थर म्हणजे घाम, असे अनेकदा समजले जाते. परंतु मांजरांना घाम प्रामुख्याने पंजांच्या गाद्यांवरच येतो.

थर दीर्घकाळ राहिल्यास त्वचेची छिद्रे बुजतात, काळे ठिपके व पुटकुळ्या येतात आणि मॅलासेझिया या यीस्टवर्गीय बुरशीच्या वाढीस अनुकूल स्थिती निर्माण होते. मान, काखा, जांघा, बोटांमधील जागा व शेपटीचे मूळ येथील वळ्यांमध्ये ही शक्यता अधिक असते.

आंघोळ

निरोगी स्फिंक्सला सामान्यतः आठवड्यातून एकदा ते दोन आठवड्यांतून एकदा आंघोळ घातली जाते. नेमके अंतर वय, ऋतू, आहार व त्या मांजराच्या त्वचेनुसार बदलते. बोट फिरवल्यावर त्वचा चिकट लागणे किंवा वळ्यांत तपकिरी मळ दिसणे ही आंघोळीची वेळ झाल्याची खूण होय. मधल्या दिवसांत कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ सुती कापडाने वळ्या पुसून कोरड्या करणे पुरेसे असते.

आंघोळीची सवय पिल्लूपणापासून लावल्यास मांजर कमी घाबरते. आंघोळीचा क्रम साधारणतः पुढीलप्रमाणे असतो :

१. खोली उबदार ठेवावी, दार-खिडक्या बंद कराव्यात व टॉवेल आधीच हाताशी घ्यावा.
२. टबात किंवा बेसिनमध्ये पाय घसरू नयेत म्हणून रबरी चटई अथवा जाड कापड अंथरावे.
३. पाणी कोमट असावे व मांजराच्या पोटापर्यंतच यावे. डोक्यावर पाणी ओतू नये. चेहरा ओल्या कापडाने वेगळा पुसावा.
४. मांजरांसाठीचा, सुगंधरहित सौम्य शाम्पू हाताने अलगद चोळावा. त्वचा घासणीने किंवा खरखरीत कापडाने घासू नये.
५. शाम्पू पूर्णपणे धुऊन काढावा. राहिलेला शाम्पू मांजर चाटते, शिवाय त्याने खाजही सुटते.
६. टॉवेलने टिपून अंग, विशेषतः वळ्या, पूर्ण कोरडे करावे.

माणसांचा साबण व शाम्पू वापरू नये. मांजराच्या त्वचेची आम्लता माणसाच्या त्वचेहून वेगळी असते. औषधी शाम्पू पशुवैद्याच्या सल्ल्यानेच वापरावा. वारंवार आंघोळ घातल्यास त्वचेवरील संरक्षक तेल निघून जाते व त्वचा कोरडी पडून तिला खाज सुटू लागते. अशा वेळी आंघोळीचे अंतर वाढवावे. त्वचेला तेल किंवा मलम परस्पर लावू नये, कारण अंगाला लावलेली प्रत्येक वस्तू मांजराच्या पोटात जाते. टी ट्री तेल मांजरांना विषारी आहे. तसेच पर्मेथ्रिन असलेली, कुत्र्यांसाठीची पिसवांवरील औषधे मांजरांच्या जिवावर बेतू शकतात.

कान

स्फिंक्सच्या कानांत धूळ अडवणारे केस जवळजवळ नसतात व मळही भरपूर साठतो. त्यामुळे साधारणतः आठवड्यातून एकदा कान तपासावेत. पशुवैद्याने सुचवलेले कान स्वच्छ करण्याचे द्रावण कापसावर किंवा मऊ कापडावर घेऊन बोट पोहोचेल तेवढाच भाग पुसावा. कापूस गुंडाळलेली काडी कानाच्या नळीत घालू नये. तिच्यामुळे मळ आत ढकलला जातो व कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. तपकिरी, मेणासारखा मळ या जातीत स्वाभाविक असतो. मात्र कॉफीच्या चोथ्यासारखा काळसर, भुसभुशीत मळ, दुर्गंधी, सतत कान खाजवणे किंवा डोके झटकणे ही कानातील गोचिडवर्गीय सूक्ष्म किडींची अथवा संसर्गाची लक्षणे असू शकतात.

डोळे

पापण्यांना केस नसल्याने धुळीचे कण डोळ्यांत सहज जातात व कोपऱ्यांत स्राव जमा होतो. स्वच्छ कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो रोज नाकाकडील कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूस पुसावा. दोन्ही डोळ्यांसाठी कापसाचे वेगवेगळे बोळे वापरावेत. पिवळा किंवा हिरवट स्राव, लाली अथवा डोळा अर्धवट मिटलेला राहणे दिसल्यास उपचार आवश्यक असतात.

नखे, पंजे व दात

नखांच्या मुळाशी असलेल्या त्वचेच्या घडीत तेलकट मळ साठतो. पंजाची गादी हलकेच दाबून नख बाहेर काढावे व ओल्या मऊ कापडाने तो पुसावा. साधारणतः दोन आठवड्यांनी नखांची टोके कापावीत. नखातील गुलाबी भागात रक्तवाहिनी व मज्जातंतू असल्याने कापताना तो वगळावा. अंगावर केसांचे आवरण नसल्यामुळे स्वतःला खाजवतानाही नखांचे ओरखडे थेट त्वचेवर उमटतात, म्हणून या जातीत नखे बोथट ठेवण्यास विशेष महत्त्व आहे.

दात मांजरांसाठीच्या पेस्टने व लहान मऊ ब्रशने शक्यतो रोज घासावेत. माणसांची टूथपेस्ट मांजरांसाठी सुरक्षित नसते.

ऊन, थंडी व कपडे

केसांअभावी त्वचा थेट उन्हात उघडी पडते व भाजते. फिकट रंगाच्या त्वचेला हा धोका अधिक असतो. दीर्घकाळ ऊन लागत राहिल्यास त्वचेचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. म्हणून स्फिंक्सला घरातच ठेवावे आणि खिडकीतही दुपारच्या उन्हात फार वेळ बसू देऊ नये. माणसांच्या सनस्क्रीनमधील झिंक ऑक्साइड व सॅलिसिलेट हे घटक पोटात गेल्यास मांजरांना घातक ठरतात.

स्फिंक्स हाताला गरम लागते, कारण आपला हात व त्याची त्वचा यांच्यामध्ये केसांचा थर नसतो. त्याच्या शरीराचे तापमान मात्र इतर मांजरांइतकेच, म्हणजे साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. शरीरातील उष्णता लवकर बाहेर जात असल्याने थंडीत त्याला उबदार अंथरूण लागते. मुंबई, कोकण व गोव्यासारख्या उष्ण-दमट भागांत हिवाळ्यापेक्षा वातानुकूलित खोलीतील गारव्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते; दमट हवेत त्वचेच्या वळ्या कोरड्या ठेवणेही आवश्यक असते. ऊब शोधत हे मांजर हीटर, दिवा किंवा शेगडीच्या अगदी जवळ जाते व त्याची त्वचा भाजू शकते.

कपडे मऊ सुती व सैल असावेत. ते तेल शोषून घेत असल्याने वारंवार धुवावेत व अंगावर सतत ठेवू नयेत. अंथरुणे आठवड्यातून किमान एकदा सुगंधरहित साबणाने धुवावीत.

आहार

उष्णता टिकवण्यासाठी अधिक ऊर्जा खर्च होत असल्याने स्फिंक्सला त्याच आकाराच्या केसाळ मांजरापेक्षा अधिक अन्न लागू शकते. आहार प्राणिज प्रथिनांनी समृद्ध असावा. आहार बदलल्यावर त्वचेचा तेलकटपणाही बदलू शकतो. हनुवटीवर काळे ठिपके येत असल्यास प्लॅस्टिकऐवजी स्टीलची किंवा चिनी मातीची भांडी वापरून ती रोज धुणे हितावह ठरते.

आजारांची लक्षणे

उघड्या त्वचेमुळे पुरळ, गाठी, जखमा व रंगातील बदल लवकर दिसतात; आंघोळीची वेळ ही तपासणीचीही संधी असते. या जातीत खाजरे, तांबूस पुरळ उठणारा मास्ट पेशींचा त्वचाविकार आढळतो. केवळ आंघोळ वाढवून तो बरा होत नाही.

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचे स्नायू जाड होण्याचा विकार, या जातीतील सर्वांत गंभीर आजारांपैकी एक आहे. तो बराच काळ लक्षणांविना राहू शकत असल्याने इकोकार्डिओग्राफीने (हृदयाच्या सोनोग्राफीने) नियमित तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. झोपेत श्वसनाचा वेग मिनिटाला ३० पेक्षा अधिक राहणे, आंघोळीनंतर तोंड उघडे ठेवून धापा टाकणे किंवा मागचे पाय अचानक लुळे पडणे या स्थितींत विलंब न करता पशुवैद्यकीय मदत घ्यावी.

ॲलर्जीविषयीचा गैरसमज

ॲलर्जी असलेल्या व्यक्तींसाठी स्फिंक्स सुरक्षित असते, असा समज रूढ आहे. परंतु मांजरांच्या ॲलर्जीस मुख्यतः कारणीभूत असलेले फेल डी १ हे प्रथिन केसांत निर्माण होत नाही. ते लाळेतून व त्वचेतील तैलग्रंथींतून येते. स्फिंक्समध्ये या दोन्ही गोष्टी असतात. त्यामुळे मांजर घरी आणण्यापूर्वी ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने अशा मांजरांच्या सहवासात पुरेसा वेळ घालवून पाहणे आवश्यक ठरते. अन्यथा १० ते १५ वर्षे जगू शकणाऱ्या प्राण्याला अल्पावधीतच घर सोडावे लागते.

पैदाशीविषयीचा वाद

मिशा हे मांजराचे स्पर्शेंद्रिय असल्याने मुद्दाम मिशाविरहित मांजरे जन्मास घालणे कितपत योग्य आहे, असा प्रश्न उपस्थित केला जातो. २०१५ मध्ये बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने मिशांच्या अभावाचा विचार करून अशी पैदास जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्याविरुद्ध ठरवली. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२६ पासून केसहीन मांजरे नव्याने पाळण्यास बंदी आहे. त्यापूर्वी जन्मलेल्या व मायक्रोचिप बसवलेल्या मांजरांना मात्र ती लागू नाही. पैदाशीविषयी मत कोणतेही असले, तरी आज घरोघरी असलेल्या स्फिंक्स मांजरांना वर वर्णिलेली निगा आयुष्यभर लागते.

हेही पाहा

• मांजर
• डेव्हन रेक्स
• डोन्स्कॉय मांजर
• पशुवैद्यकशास्त्र