काजूबीच्या टरफलातलं तेल

मे महिना सरत आला की कणकवली स्थानकावर मुंबईला निघालेल्या चाकरमान्यांच्या सामानात, आंब्याच्या पेटीशेजारी, काजूबियांची एक पिशवी हमखास असते. ‘वेंगुर्ला-४’ किंवा ‘वेंगुर्ला-७’ या जातींच्या, उन्हात खडखडीत वाळवलेल्या बिया. अंगणात भाजलेल्या बीची चव पाकिटातल्या गराला येत नाही, म्हणून ही पिशवी. मग मुंबईत पोचल्यावर प्रश्न पडतो : या बिया गॅसवर किंवा ओव्हनमध्ये भाजता येतील का? भोपळ्याच्या बिया तर सहज भाजता येतात. धुवून, वाळवून तव्यावर मंद आचेत परतल्या की आतलं पाणी वाफ होऊन जातं, बी तडतडते, कुरकुरीत होते. काजूबीला मात्र हा न्याय लावायचा नाही. ती घरात भाजूच नये.

काजूच्या टरफलात बाहेरच्या आणि आतल्या कडक थरांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखी घरं असतात. त्यांत भरलेलं असतं जाड, तांबूस-काळं तेल. टरफलाच्या वजनाचा जवळपास पाव हिस्सा या तेलाचाच. झाडाची ती संरक्षणव्यवस्था आहे, आणि मोठी जबरदस्त आहे. १८४७ मध्ये श्टेडेलर या जर्मन रसायनज्ञाने त्यातून अ‍ॅनाकार्डिक आम्ल वेगळं काढलं. ताज्या तेलात त्याचंच प्रमाण सर्वाधिक. हाताला लागलं की काळा डाग पडतो, फोड येतात, कातडी सोलून निघते. उसळीसाठी ओले गर काढणाऱ्या बायका हाताला खोबरेल किंवा राख चोळल्याशिवाय अडाळ्यावर बसत नाहीत.

हे तेल का भाजतं, याचं उत्तर शोधताना जपानच्या रिको माजिमा यांच्यापाशी जावं लागतं. आपल्याकडे हे नाव कुणी घेत नाही, आणि ते घ्यायला हवं. जपानी लाखेची देखणी भांडी ज्या झाडाच्या चिकाने रंगवतात, तो चीक कारागिरांना असाच उततो. युरोपातल्या प्रयोगशाळांशी साधनांची बरोबरी कठीण, तेव्हा आपल्याच भूमीतला पदार्थ धरावा, असं ठरवून माजिमांनी वर्षानुवर्षं या चिकाचा पिच्छा पुरवला आणि १९२२ पर्यंत त्यातल्या उरुशिओल या द्रव्याची रचना उलगडली. बेंझिनचं एक कडं आणि त्याला जोडलेली पंधरा कार्बनांची लांब साखळी. काजूच्या तेलातले रेणू याच घडणीचे! साखळीमुळे रेणू तेलकट होतो, कातडीत मुरतो, तिथल्या प्रथिनांना चिकटतो. मग शरीर त्या प्रथिनांनाच परकं समजून लढू लागतं.

लाखेचं झाड, काजू, आंबा आणि बिब्बा हे सगळे एकाच कुळातले. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर चट्टे उठले. कारण होतं धोब्यांनी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने केलेल्या खुणा. १९४३ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी त्यावर निबंधच छापला.

आता अंगणातली भट्टी. भोकं पाडलेल्या पत्र्यावर बिया पसरून खाली जाळ केला की काही मिनिटांतच तेल पाझरतं आणि भडकतं. उष्णतेने अ‍ॅनाकार्डिक आम्लातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कार्डॅनॉल उरतं. ते तुलनेने सौम्य. तेलाचा मोठा भाग जळतो, टरफल ठिसूळ होतं. आतला गर तेवढ्या वेळात खरपूस होतो, आणि त्याचा वास ज्या अभिक्रियेतून येतो ती फ्रान्सच्या लुई मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. पण हा खमंगपणा वरचा लाभ. आगीचं पहिलं काम टरफलातलं तेल घालवण्याचं. याच कार्डॅनॉलपासून अमेरिकेच्या मॉर्टिमर हार्वी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रेझिन बनवले. घर्षणाची उष्णता सोसत असल्याने ते आजही गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात वापरतात.

शहरात ‘रॉ काजू’ म्हणून जे चढ्या भावाने विकतात, ते कच्चे नसतातच. सिंधुदुर्गातल्या बहुतेक कारखान्यांत बी आधी वाफेवर शिजवतात, मग कापतात, मग गर तापवून साल काढतात. कच्चेपणाचे गुण त्या पाकिटावर छापणं ही शुद्ध जाहिरातबाजी आहे. टरफलाचे तुकडे गरांत राहिले तर काय होतं, ते १९८२ मध्ये पेनसिल्व्हेनियात दिसलं : असे काजू खाऊन ५४ जणांच्या अंगावर पुरळ उठलं.

बंद स्वयंपाकघरात पेटलेलं तेल उडतं, आणि धुराबरोबर तीच द्रव्यं डोळ्यांत, घशात जातात. म्हणून बिया गावीच, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, लांब काठीने हलवत भाजाव्यात. जाळ माती किंवा राख टाकून विझवावा, बिया पूर्ण निवल्यावरच फोडाव्यात आणि मुंबईला फक्त सोललेले गर न्यावेत. बिब्बा किंवा आंब्याचा चीक ज्यांना उततो, त्यांनी तर त्या धुराच्या आसपासही थांबू नये.