नाण्यावरील क्रूस : रोमन टांकसाळ ते उत्तर कोकण

प्रस्तावना

पालघर जिल्ह्याचा प्राचीन इतिहास शिकविताना शूर्पारक म्हणजेच सोपारा बंदर आणि रोमन साम्राज्य यांच्यातील व्यापाराचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. याच किनाऱ्यावर वसई, केळवे-माहीम, तारापूर व डहाणू येथे पोर्तुगीज सत्तेच्या खुणा आहेत. या दोन कालखंडांची सरमिसळ झाल्यास क्रूस असलेले कोणतेही जुने नाणे ‘रोमन’ ठरविण्याचा आणि त्यावरून कोकणातील ख्रिस्ती धर्माचे प्राचीनत्व सिद्ध करण्याचा मोह होतो. असा निष्कर्ष का टिकत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रोमन नाण्यांवरील ख्रिस्ती चिन्हे

‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात सोपाऱ्याचा उल्लेख आहे. त्या काळात भारतात आलेल्या रोमन नाण्यांत ऑगस्टस व टायबेरियस (इ.स. १४–३७) यांच्या चांदीच्या दिनारांचे प्रमाण मोठे आहे. येशूला क्रुसावर दिले गेले ते टायबेरियसच्याच कारकिर्दीत. साहजिकच या नाण्यांवर ख्रिस्ती चिन्ह असणे संभवत नाही.

अशी चिन्हे कॉन्स्टंटाइनच्या काळात (३०६–३३७) प्रथम दिसू लागली. ३१५ मधील तिचिनुमच्या रौप्यपदकावर सम्राटाच्या शिरस्त्राणावर ‘खी’ व ‘ऱ्हो’ ही ‘ख्रिस्तोस’ या ग्रीक शब्दाची पहिली दोन अक्षरे एकत्र गुंफलेली आहेत. परंतु त्याच सुमारास त्याच सम्राटाच्या नाण्यांवर सूर्यदेवही विराजमान होता. मॅग्नेन्शियसच्या (३५०–३५३) नाण्यावर हे जोडाक्षर प्रथमच संपूर्ण पृष्ठभाग व्यापते, तर दुसऱ्या थिओडोसियसच्या सुवर्णनाण्यावर विजयदेवता उंच क्रूस धरून उभी आहे. जुनी रोमन देवता आणि नवे ख्रिस्ती चिन्ह यांचे हे साहचर्य लक्षणीय आहे. कारण येथे क्रूस हा सम्राटाच्या विजयाची ग्वाही देतो. नाणे वापरणाऱ्याच्या श्रद्धेची नव्हे.

श्रद्धा आणि चलन : दोन स्वतंत्र मार्ग

सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे स्थान म्हणजे आजचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. ते मान्य केल्यास या ख्रिस्ती समाजाचे धर्मसंबंध पर्शियाशी होते, आणि पर्शियाच्या ससानी नाण्यांवर तर अग्निवेदी कोरलेली असे! पुढे त्याच ससानी नाण्यांच्या अनुकरणातून पश्चिम भारतात गधैया नाणी प्रचलित झाली. ती वापरणारे अग्निपूजक होते, असे कोणी म्हणत नाही. मग क्रुसाच्या नाण्याला वेगळा न्याय कसा लावता येईल?

पोर्तुगीज नाणी

१५१० मध्ये गोवा घेतल्यावर आल्बुकर्कने नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ या संघाचा क्रूस, तर दुसऱ्या बाजूस मनुएल राजाचे खगोलचिन्ह होते. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर व वसई मराठ्यांकडे आली. मधल्या दोन शतकांत वसईलाही पोर्तुगीज टांकसाळ होती. तांबे, कथील यांसारख्या स्वस्त धातूंचे ‘बझारुको’ हे पोर्तुगीज मुलखातले बाजाराचे चलन होते. ते हाताळणाऱ्यांत सर्वधर्मीय लोक असणार, हे उघड आहे.

ओळख कशी पटवावी?

रोमन नाण्यावर सामान्यतः सम्राटाची मुखाकृती व तिच्याभोवती लॅटिन लेख असतो. सॉलिडस हे उत्तरकालीन सुवर्णनाणे सुमारे ४.५ ग्रॅम वजनाचे असते. पोर्तुगीजांच्या किरकोळ नाण्यांवर बहुधा मुखाकृती नसते. पाच लहान ढालींचे राजचिन्ह व क्रूस असतो. दीवच्या कथलाच्या नाण्यांवर क्रुसाच्या चार कोनांत वर्षाचे आकडे विभागलेले दिसतात. असे आकडे आढळल्यास ते नाणे प्राचीन रोमन नव्हे, हे निश्चित समजावे. कारण त्या काळी रोममध्ये हे अंक प्रचारातच नव्हते.

विद्यार्थ्याने असे नाणे आणल्यास ते घासून स्वच्छ करू देऊ नये. सापडल्याचे ठिकाण व सोबतच्या वस्तू यांची नोंद प्रथम करावी. जमिनीत दडलेले व दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये बंधनकारक आहे.

निष्कर्ष

नाण्यावरील चिन्ह हे नाणे पाडणाऱ्या सत्तेचे विधान असते. ते नाणे कोणत्या बाजारात फिरले, हे सापडल्याच्या जागेवरून कळते. परंतु ते बाळगणाऱ्याची उपासना कोणती, हे ठरविण्यास शिलालेख, वास्तू व समकालीन लेखन असा स्वतंत्र पुरावा लागतो. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास पुरेसा समृद्ध आहे. त्याला चुकीच्या नाण्याचा आधार देण्याची आवश्यकता नाही.