विनानंबरची ई-स्कूटर: २५ चा आकडा ओलांडला की काय होतं?

गेल्या महिन्यात औंधहून मामेभावाचा फोन आला. "दादा, एक इलेक्ट्रिक स्कूटर बघितलीये. लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. घेऊ का?" पठ्ठ्या १७ वर्षांचा, अकरावीत, रोज पुसेसावळीला क्लासला जातो. मी म्हटलं, घे की! मग हळूच म्हणाला, "तशी पंचवीसच्या वर जात नाही. पण दुकानदार म्हणतो, एक वायर काढून देतो, पंचेचाळीसला पळेल."

इथे मात्र मी त्याला थांबवलं. का, ते समजून घेऊया.

नोंदणी कशाला लागत नाही?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणी लागते ती 'मोटार वाहना'ला, म्हणजे यंत्राच्या शक्तीवर रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला. म्हणून सायकल आणि बैलगाडी यातून सुटतात. गंमत म्हणजे उसाच्या ट्रॉलीला स्वतःचं इंजिन नसतं, तरी तिला नोंदणी लागते. कारण व्याख्येत 'ट्रेलर' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. उलट चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल, तर ती गाडी व्याख्येच्या बाहेर राहते.

बॅटरीच्या दुचाकीला सीसी नसतात. तिच्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळ्या अटी आहेत:

- मोटरची ३० मिनिटांची पॉवर २५० वॅटपेक्षा कमी
- कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी
- बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपर्यंत
- योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर

या सगळ्या अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. शिवाय पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने ते तपासलेलं हवं. तरच ती 'मोटार वाहन' ठरत नाही, आणि मग नोंदणी, लायसन, विमा यांची सक्तीही लागू होत नाही.

२५० आणि २५ चं गणित

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आकडे मांडून बघितले. गाडी, बॅटरी आणि चालवणारा मिळून १४० किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी २५ चा वेग टिकवायला साधारण २५० वॅट लागतात. ४५ चा वेग टिकवायला जवळपास ९५० वॅट! वेग दुप्पटही झाला नाही, पण पॉवर जवळजवळ चौपट लागते, कारण वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो.

याचा अर्थ, जी गाडी सपाटीला आरामात ४५ ने पळत राहते, तिची मोटर मुळात २५० वॅटची नसतेच. मोठी मोटर बसवून कंट्रोलरमध्ये वेग बांधलेला असतो, आणि ती वायर तोडणं म्हणजे तो बांध फोडणं. खरी २५० वॅटची गाडी ओळखायची, तर औंधच्या संग्रहालयाकडे जाणाऱ्या चढावर न्या. शंभर मीटरला पाच मीटर चढ असेल तिथे ती ताशी १० च्या आसपास येते. सुरुवातीला थोडा वेळ जोर दाखवेल, पण टिकणार नाही.

वायर काढली की काय बदलतं?

बाहेरून गाडी तीच दिसते. कायद्याच्या नजरेत मात्र ती आता विनानोंदणी मोटार वाहन झाली.

- विनानोंदणी गाडी चालवली तर पहिल्याच वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड.
- चालवणारा १८ च्या आतला असेल तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन मिळत नाही.
- विमा नसतो. कुणाला धडक बसली तर भरपाई घरातून.

आणि पोलिसांनी पकडलं नाही तरी भौतिकशास्त्र सोडत नाही. २५ च्या तुलनेत ४५ ला धडकेची ऊर्जा तिपटीहून जास्त असते, ब्रेक मात्र तेच. हंगामात पुसेसावळीच्या रस्त्यावर पुढून ट्रॉली येत असेल, तर हा फरक लगेच कळतो. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा बदल केलेल्या ई-बाइक्सविरुद्ध मोहीम काढली होती, ती याच कारणाने.

आणखी एक घोळ

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने इलेक्ट्रिक गाड्यांना नोंदणीची फी माफ केली. काही जण त्याचा अर्थ 'नोंदणीच माफ' असा सांगतात. फी माफ आहे, नोंदणी नाही. जास्त वेगाच्या ई-स्कूटरला हिरवी नंबरप्लेट लागतेच.

घेताना काय बघाल?

त्याच मॉडेलचं चाचणी प्रमाणपत्र मागा. बिलावर मॉडेल, मोटरची पॉवर आणि कमाल वेग लिहून घ्या. "स्पीड वाढवून देतो" म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा. आणि सक्ती नसली तरी हेल्मेट घाला. डोक्याला वॅट कळत नाहीत.

भावाने शेवटी दुसऱ्या दुकानातून, कागद बघून गाडी घेतली. परवा कुरकुरत होता, "दादा, चढावर पोरं सायकलवरून पुढं जातात." म्हटलं, जाऊ दे. गाडी खरी आहे याचा तोच पुरावा.